ग्रुपवर जाहिरात चालणार नाही

९ नोव्हेंबर, रविवार
आठवडाभर काही लिहिलं नाही, माफी असावी. कोणाची मागतोय कळत नाही, वही माझीच आहे. पण ग्रुपमुळे वेळच मिळाला नाही. मितेशसाठी पैसे भरून वधू-वर ग्रुपचा मेंबर झालोय. फुकटच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही. फुकटात कोण खरी जन्मतारीख टाकतो? इथे नियम आहे, फक्त स्थळं टाकायची, जाहिरात नाही. तरी आज एका बाईने पापड टाकले, एकाने राहनाळचं गोडाऊन भाड्याने टाकलं. मुलगा एकतीस वर्षांचा झाला आणि ग्रुपवर पापड!
ठरवलंय, शांत राहायचं. बीपी आहे.

१० नोव्हेंबर
शांत राहिलो नाही. ॲडमिन भाविकला तीन व्हॉइस मेसेज. तो म्हणाला, काका, बघतो. नारपोलीला लूमवर मी मुकादम होतो. "बघतो" म्हणजे काय ते मला कळतं. आणखी दोन पाठवले.

१२ नोव्हेंबर
पापडवाली गेली. गोडाऊनवाला गेला. ग्रुपला शिस्त लागली. स्थळ मात्र एकही नाही. आमची ही म्हणाली, "तुमचा धाक बघून पोरींचे बाप पन गप बसले." रंगूला ग्रुपमधलं काही कळत नाही.

१४ नोव्हेंबर
शेलार गावचे कोणी चांगदेव, नवीन मेंबर. आल्या आल्या हळदीच्या स्टेजचा फोटो! झेंडूच्या माळा, मागे मोर, खाली डेकोरेटर म्हणून नाव आणि फोन नंबर. आपल्याकडे लग्नापेक्षा हळदीचा खर्च मोठा, म्हणून ह्यांचं फावतं. लगेच तक्रार केली. ग्रुपवरही लिहिलं, मुलीच्या बापांच्या रांगेत दुकानदारांनी घुसू नये. पुष्कळ अंगठे आले. भाविकने त्यांना काढून टाकलं. आज झोप छान लागेल.
मितेश जेवला नाही. ॲसिडिटी असेल.

१५ नोव्हेंबर
ॲसिडिटी नव्हती. हिने सांगितलं, कारण मितेश माझ्याशी बोलत नाही.
चांगदेवशेठ ग्रुपवर मुलीसाठी आले होते. दिपाली नाव. मितेश नोकरीला आहे त्याच गोडाऊनच्या ऑफिसात कामाला. दोघांचं वर्षापूर्वीच जमलंय. आपसात जमवलेलं मी ऐकून घेणार नाही, म्हणून पोरांनी युक्ती काढली. तिच्या बापाने पैसे भरून ग्रुपवर यायचं, म्हणजे मला वाटेल स्थळ रीतसर आलं. ते स्टेज दिपालीने सजवलेलं. आधी मुलीच्या हातचं काम दाखवायचं, मग बायोडाटा टाकायचा, असा त्यांचा बेत. बायोडाटा टाइप करेपर्यंत मी त्यांना बाहेर काढलं.
मी म्हटलं, मला आधी सांगायचं होतं. ही म्हणाली, "सांगितलं असतं तं ऐकलं असतं का? न्हाय. पैसे भरून येतो तोच मानूस तुम्हाला खरा."
तरी तत्त्वाने मी बरोबर आहे. नंबर कशाला टाकायचा?

१७ नोव्हेंबर
चांगदेवशेठना फोन केला. मीच मितेशचा बाप, म्हटलं, चूक माझी नाही, नियमाची होती. ते म्हणाले, "अनंताशेठ, आम्ही दुकानदार. दुकानदाराची पोर कशाला घरात घेता?" आणि ठेवला. तेव्हापासून लागत नाही. मितेश हिला म्हणाला, त्यांनी ब्लॉक केलंय. मला वाटतं शेलारला रेंज नसेल.

१९ नोव्हेंबर, सकाळ
मार्ग सापडला. अपमान ग्रुपवर झाला, तर मानही ग्रुपवरच द्यायचा. तोच फोटो टाकला आणि लिहिलं, शेलारच्या चांगदेवशेठसारखं हळदीचं स्टेज अख्ख्या भिवंडीत कोणी करत नाही, सर्वांनी त्यांनाच बोलवावं. खाली त्यांचा नंबर, दोनदा, चुकू नये म्हणून. त्यांचा कोणी पाहुणा ग्रुपवर असेलच. संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ
काढलं. मला.
भाविकला फोन केला. तो म्हणाला, "काका, नियम तुम्हीच कडक करायला लावलात. आता तुमचीच तक्रार आली." मी म्हटलं, ही जाहिरात नाही, माफी आहे. तो म्हणाला, "माफीखाली फोन नंबर नसतो, काका."
दुसरा ग्रुप काढावा काय? मेंबर कोण होईल?

२२ नोव्हेंबर
मितेश ड्युटीवरून सरळ शेलारला जातो. काल तिथेच जेवला. बोलणी चालू आहेत, हळदीची तारीखही निघाली म्हणे. मला कोणी सांगितली नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "शेलारवाले बोलवतील तवा जावा."
चांगदेवशेठ, ग्रुपवर मी नाही, फोन तुम्ही घेत नाही, म्हणून इथे लिहितो. स्टेज तुम्हाला हवं तसं करा. नंबर टाका, मोठ्या अक्षरात टाका, मी काही म्हणणार नाही. मुलाच्या बापाने त्या दिवशी कुठे उभं राहायचं, तेवढं मात्र लवकर कळवा.