गोणपाटाखालचं ऊन

नेरूळ,
रविवार

ती. उज्वलाआत्यास,

केयूरचा दुरूनच वाकून नमस्कार. (जवळून केला असता तर पाठीत धपाटा बसला असता, केस फार वाढलेत.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेलं सकाळचं ऊन घेतेस, की देवघरातूनच सूर्याला हात जोडतेस?

मी इथे नक्की काय करतो, असं तू विचारलंस. बाटलीत एक अल्कोहोल असतं (प्यायचं नव्हे; बाबांनाही तसंच सांग). त्यात चिमूटभर लोखंडाचा क्षार टाकायचा आणि बाटली उन्हात ठेवायची. ऊन लागलं की तो क्षार अल्कोहोलची आणि हवेतल्या ऑक्सिजनची गाठ घालून देतो. कडू बदामाच्या वासाचा नवा पदार्थ तयार होतो. क्षार होता तसाच राहतो. म्हणजे तूच. इतकी लग्नं जमवलीस, स्वतः होतीस तशीच. फरक एवढाच, की तो उन्हाशिवाय हलत नाही आणि तू चहाशिवाय.

आमच्या गाईड संघमित्रा मॅडमचा उन्हावर विश्वास नाही. येत्या शनिवारपर्यंत वास आला नाही तर माझं ऊन बंद, बाटल्या प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली. दिव्याखाली काय, कोणीही करेल. म्हणून मी रोज सकाळी कॉलेजच्या गच्चीवर बाटल्या मांडतो, संध्याकाळी हुंगतो. काही होईना. क्षार बदलला, बाटल्या बदलल्या, शेवटी सूर्यावर संशय घेतला. परवा मात्र भर दुपारी वर गेलो. एका बाजूला कॅन्टीनवाल्या मुक्ताबाईंची (इथल्याच शिरवणे गावच्या) सुकट जाळीखाली वाळत होती. (तुझ्या गळ्यातली तुळशीची माळ आठवून मी नाक धरलं.) दुसऱ्या बाजूला माझ्या बाटल्या, बटाट्याच्या गोणपाटाखाली गाढ झोपलेल्या.

"अरं, कावले चोची मारतान," मुक्ताबाई म्हणाल्या. "आनि औषद उनात खराब होतं ना? मी रोज झाकतंय. सांजचे सुकट उचलली का गोनपाट पन उचलतंय. तुजा ध्यानच नाय!"

"मावशी, ऊन लागावं म्हणूनच ठेवल्यात."

"मंग कावल्यांना कोन हाकलंल? तुजा बापूस?"

प्रश्न रास्त होता. काल एक बाटली कावळ्याने खरोखरच पाडली.

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार. लहानांना तुझा मार पुरेसा आहे.

तुझा,
केयूर

ता. क. बाबांचा गुडघाही दुखतो, म्हणून येऊ शकत नाहीत. तुझा दुखतो, म्हणून तू ये. या गच्चीवरच्यासारखं सकाळचं ऊन साताऱ्यात नाही. खुर्ची मांडली आहे. काठी आण, गुडघ्यासाठी नव्हे, कावळ्यांसाठी. चहा मुक्ताबाई देतील.

आणखी एक. गच्चीवर जो काही वास येईल, तो कडू बदामाचाच. तू कडू बदाम कधी हुंगलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे.