बाथरूमची आतली कडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्लंबर आला तो बाथरूम बघायच्या आधी माझ्या पाठीमागे बघायला लागला. घरात आणखी कोणी आहे का म्हणून! "काका नाहीत का? त्यांच्याशी बोललो असतो." काकांना जाऊन सहा वर्षं झाली, म्हटलं, आता माझ्याशीच बोलावं लागेल. मग नाइलाजाने बोलला. सगळंच तोडू म्हणे. फरशा काढू, पाइप काढू, बेसिन काढू, दार बदलू. अहो, गळतोय एक नळ! आकडा असा सांगितला की मी चहासुद्धा विचारला नाही.

तिकडे जावयाचं वर्षभर एकच पालुपद. घर काढून टाका, आमच्याकडे या, त्या बाथरूममध्ये एक दिवस पडाल. लेक काही बोलत नाही, म्हणजे तिचंही तेच मत असणार. हे घर मी सोडणार नाही. बाथरूम एवढंच कारण असेल तर बाथरूमच नवं करते. तेही माझ्या हाताने, घरात आहे त्यातून. बत्तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, जुन्याचं नवं कसं करायचं ते मला कोणी सांगू नये.

५ फेब्रुवारी, बुधवार

हार्डवेअरच्या दुकानात वीस मिनिटं उभी. माझ्यामागून आलेल्या तिघांना आधी दिलं. नळाचा वायसर मागितला तर दुकानदार म्हणाला, आजी, कुणाला तरी पाठवा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. जुना वायसर रुमालात बांधून नेला होता, तो काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आपटला!

घरी येऊन मेन कॉक बंद केला, नळ उघडला, वायसर बसवला. घड्याळ लावून अकरा मिनिटं. नळ गप्प झाला. आता बोला म्हणावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस फरशांवर बसून काढले. सोडा आणि जुने टूथब्रश. फटींमधला काळा मळ शिलाई उसवायच्या हत्याराने खरवडून काढला. त्यात पांढरं सिमेंट भरायचं तर प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापला आणि दाबत दाबत भरलं, एकही थेंब बाहेर नाही. गुडघ्यांनी मात्र असहकार पुकारलाय. इतकी वर्षं मी या फरशा पिवळ्या समजत होते. निघाल्या फिक्या हिरव्या!

संध्याकाळी लेकीचा फोन. ऑफिसातल्या कुणा मैत्रिणीच्या फोनवरून. स्वतःकडे एवढा भारी फोन आणि बोलायचं दुसऱ्याच्या फोनवरून, ही कुठली काटकसर! फरशांचं कौतुक सांगायला घेतलं तर तिचं भलतंच. गरम पाणी येतं का, किती वेळ पुरतं. माझ्यापुरतं पुरतं, म्हटलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे प्रश्न. कुठे काय कमी आहे ते हुडकायचं आणि मग दोघांनी मिळून मला गाठोड्यात बांधून न्यायचं!

८ फेब्रुवारी, शनिवार

गुडघे. काही केलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज फळी. शिलाई मशीन भंगारात दिलं तेव्हा त्याचं वरचं लाकूड मी हट्टाने ठेवून घेतलं होतं. बेसिनच्या शेजारी दारापर्यंत जागा रिकामी होती, तिथे बसवायचं ठरवलं. टेपने तीनदा मापलं, खडूने आखलं, कापून आणलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं ड्रिल मागून आणलं. भोक पाडताना एक फरशी तडकली, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. फळी चढली, अगदी सरळ. डबे ठेवले, साबण ठेवला, बाहेर येऊन दार ओढलं — लागेना! चार बोटं फट. फळी आडवी येतेय.

पुन्हा मापलं. फळी दोन इंच जास्त. आणि मग डोक्यात उजेड पडला. दोन्ही बाजूंना एकेक इंच शिलाईसाठी सोडला होता मी. लाकडाला! कुणाला सांगायचीही सोय नाही.

पण राहू दे तशीच. घरात एकटी बाई, दार लावायचं कुणासाठी? नाही लागली कडी तर नाही लागली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रिल परत द्यायला गेले, तर वरच्या बाई लगेच खाली बघायला आल्या. फट बघून म्हणाल्या, हे बरंच झालं की, आपल्या वयाला आतून कडी लावूच नये. त्यांच्या नात्यातली कोणी पडली होती, दार फोडावं लागलं होतं. आपल्या वयाला! त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा मैत्रिणीच्या फोनवरून लेक. मी हसत हसत फळीची गोष्ट सांगितली. लहानपणी तिच्या फ्रॉकचं असंच काही झालं की ती लोळून हसायची. आज हसली नाही. म्हणाली, "आई, कडी लागली पाहिजे."

मी म्हटलं, अगं, मी एकटी, मला काय करायचीय कडी.

"बाकी काही नाही झालं तरी चालेल. आतून कडी लागली पाहिजे. चांगली, जाड."

वर आणखी विचारते, दारामागे दोन टॉवेल राहतील का. माझं अंग एक, टॉवेल दोन कशाला? पोरीने जन्मात स्वतः एक बटण लावलं नाही, आणि मला मापं सांगते. फोन ठेवल्यावर तासभर माझं डोकं तापलेलं. वरचीने सांगायचं कडी काढा, लेकीने सांगायचं कडी लावा, प्लंबरने सांगायचं दारच काढा. बाथरूम कुणाचं आहे?

१६ फेब्रुवारी, रविवार

मीच लेकीला फोन केला. नेहमीप्रमाणे जावयाने उचलला. ती कामात आहे, बोला ना, स्पीकरवर आहे, ऐकतेय ती. त्याचं बोलणं गोड, एवढं मानायला हवं. पोटच्या पोरीपेक्षा माझी चौकशी तोच जास्त करतो. घराचा विषय काढलाच — एक गिऱ्हाईक आहे म्हणाला, चांगलं माणूस आहे, बोलून ठेवू का? मी म्हटलं, आधी माझं बाथरूम येऊन बघा, मग बोला.

मग ओघात कडीचं निघालं. लेक म्हणते जाड कडी लावा, असं मी सांगितलं. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "आई, आमच्याकडची कडी तर मी काढूनच टाकलीय. तास तास आत जाऊन बसायची. काय करते, कुणाशी बोलते, कळायला नको?"

मीही हसले. म्हटलं, लहानपणापासून तशीच आहे, पाण्यात खेळत बसायची सवय. मागून लेकीचा आवाज काही आला नाही.

आणि आता राग येतोय. स्वतःच्या बाथरूमला कडी नाही, आणि मला जाड कडीचं व्याख्यान!

१७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर ती फळी डोक्यात. कडीचं जाऊ दे, पण चुकीच्या मापाचं काम माझ्या घरात रोज डोळ्यांसमोर? शाळेत अशा मुलीला मी सगळं उसवून पुन्हा करायला लावलं असतं. सकाळी फळी उतरवली, करवतीने दोन इंच कापली. दंड भरून आले. पॉलिश पेपर मारला, पुन्हा चढवली. दार लागलं!

दार लागतंय म्हटल्यावर जुनी कडी बघितली. गंजलेली, सैल, धक्का दिला तर उघडेल. गेले दुकानात. आज दुकानदाराने बसायला स्टूल दिलं. जाड कडी घेतली, सगळ्यात जाड. बसवताना चौथा स्क्रू नुसताच फिरायला लागला, भोक मोठं झालेलं. त्यात आगकाडीचे तुकडे आणि फेविकॉल कोंबला, तासभर थांबले, स्क्रू पिळला. घट्ट. हे कुणीही शिकवलं नव्हतं.

लेकीचं ऐकून केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दाराला आतून-बाहेरून रंग. माळ्यावर अर्धा डबा ऑइल पेंट होता, पांढरा. तडकलेल्या फरशीवर आरसा लावला. दारामागे हूक लावायचे होते, दुकानातून जोडीच मिळते, सुटा एक देत नाहीत. लावले दोन.

लेकीच्या फोनवर तीनदा फोन केला. बंद. माझ्यावर रुसलीय वाटतं. रुसू दे, रुसायला मलाही येतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं! अठरा दिवस. नळ गळत नाही, फरशा हिरव्या, फळी सरळ, दार पांढरं, कडी जाड. प्लंबरने सांगितलेल्या आकड्यात असली दहा बाथरूमं झाली असती. तीनदा दिवा लावून बघून आले.

बघायला कोणी नाही, हे मात्र खरं. लेकीचा फोन अजून बंद. जावयाला केला तर म्हणाला, बिघडलाय तिचा फोन, दुरुस्तीला दिलाय. चार दिवस? आईला एक फोन करायला घरात दुसरा फोन नाही? इतका कसला ताठा आला पोरीला. उद्या गेलेच असते तिकडे चांगलं सुनावायला, पण गुडघे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात लेक. हातात एक बॅग, पायात घरातल्या सपाता. ती सरळ बाथरूमपाशी गेली. फरशा बघितल्या नाहीत, फळी बघितली नाही. कडी तीनदा लावली, काढली. मग आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने नळाचा, आणि नळाच्या आड तिच्या रडण्याचा. त्या दिवशी फोनवर मी हसले होते. तिने ऐकलं होतं ते.

दुसरा टॉवेल काढून ठेवला.

तासाभराने जावयाचा फोन. तोच गोड आवाज. ती आलीय का तिकडे, तिला जरा बाहेर बोलवा.

म्हटलं, "आली आहे. आत आहे, कडी लावून. तिला वाटेल तेव्हा बाहेर येईल."