वर चार बोटं जागा

८ जानेवारी, गुरुवार

बोरपाड्याची सभा झाली. उधव्याच्या अलीकडे गाडी सोडून पुढे चालत जावं लागतं. तो रस्ता मी निवडून आल्यापासून मागतेय आणि पाड्याने आज तेच ऐकवलं. ऐकून घ्यायलाच तर जाते. दर गुरुवारी एक पाडा. विधानसभेत काय विचारलं, काय उत्तर आलं, काय आलंच नाही, सगळं सांगायचं, मग बोलणी खायची. मधू म्हणतो, आमदार झालीस पण मास्तरीण काही सुटली नाही. नवरा एसटीत कंडक्टर. बोलायला त्याला तिकीट लागत नाही.

आजची मोठी बातमी : चैतीमावशीने सही केली! साठी उलटली, जन्मभर अंगठा. माझे सभेचे दोन नियम. अंगठा चालणार नाही, आणि वाचल्याशिवाय सही नाही. चार महिने पाटीवर गिरवत होती. कागद हातात घेऊन विचारते, "वर काय लिवलाय?" वर काहीच नव्हतं. हजेरीच्या कागदावर आम्ही वर चार बोटं जागा सोडतो. सभा कुठून कुठे जाईल नेम नसतो, म्हणून विषय मागाहून भरायचा. म्हटलं, "हजेरी आहे मावशी, कर तू." केली. अक्षरं दुधीच्या वेलासारखी वर चढत गेली. मी फोटो काढला. मला रडूच आलं.

१३ जानेवारी

दिवसभर तलासरी. गाडीत विलासकाकांनी पत्रांचा गठ्ठा पुढे केला. विलासकाका म्हणजे आमचं डहाणूचं ऑफिस. नरपडचे, सरकारी कारकून म्हणून निवृत्त, घरची चिकूची वाडी. मी नवखी होते तेव्हा अर्ज कुठे द्यायचा इथपासून त्यांनी शिकवलं. ते पान उलटतात, मी सही करते. आशागड येईपर्यंत गठ्ठा संपला. काकूंनी चिकू पाठवलेत, पिकायला दोन दिवस आहेत.

२० जानेवारी

पालघर. काय लिहू?

बोरपाड्यामागचा डोंगर दगडखाणीला द्यायचं घाटतंय, असं कानावर आलं होतं. तावातावाने गेले. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांना म्हटलं, त्या डोंगरातला झरा म्हणजे पाड्याचं मे महिन्यापर्यंतचं पाणी. पायथ्याला वाघोबाचा दगड. लोकांना विचारल्याशिवाय तुम्ही परवानगी देताच कशी?

साहेब चांगले आहेत. मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकलं, मग फाईल माझ्याकडे वळवली. "बाई, लोकांची संमती आहे. तुमचीच शिफारस आहे."

माझं लेटरहेड. माझी सही. मागे जोडलेला कागद : "बोरपाडा येथील सभेत दगडखाणीस एकमताने संमती देण्यात आली." खाली सह्या. तिसऱ्या ओळीत चैतीमावशी, वर चढत गेलेली.

मी फोनमधला फोटो काढून शेजारी धरला. तोच कागद. फोटोत वरची चार बोटं कोरी आहेत.

पाणी मागितलं. ग्लास हातात धरून बसले, प्यायचं राहून गेलं. परत येताना चारोटी नाका कधी गेला कळलं नाही.

२१ जानेवारी

विलासकाकांना ऑफिसातच विचारलं. वाटलं होतं नाकारतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"हो ताई, मीच कागद भरून दिला. कंपनीचा माणूस आला होता. खाण आली की रस्ता ते करून देणार. तुम्ही किती हेलपाटे घातलेत रस्त्यासाठी!"

"अहो पण लोकांना विचारलं कुठे?"

"जमले होते की सगळे. तुम्ही समोर, सह्या झाल्या. आता पुन्हा कुठे गोळा करायची माणसं? सकाळी सगळी कामावर जातात, भिलाड-उंबरगावला. आणि पत्र तुमच्या हातात दिलं होतं, ताई. गाडीत."

दिलं होतं. हेच तर. दोष देता देता जीभ अडखळली. पैसे खाल्ले का, असंही विचारून बसले. काकांचा चेहरा पाहवेना. चष्मा काढून पुसत राहिले. "इतकी वर्षं नोकरी केली ताई, चहासुद्धा स्वतःचा प्यायलो." खरं आहे, मला माहीत आहे. मग मला जास्तच धक्का बसला. चोर सापडला असता तर हाकलून दिला असता आणि मोकळी झाले असते.

काका दुपारी किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. थांबवायला हवं होतं का? थांबवलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सभा रद्द. पहिल्यांदाच. कारण "प्रकृती अस्वास्थ्य" कळवलं. म्हणजे खोटं.

२३ जानेवारी

साहेबांना फोन केला. शिफारस मागे घेते म्हटलं. घ्या म्हणाले, पण सह्या राहतातच. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच लेखी द्यायला हवं की आम्हाला विचारलं नव्हतं. मुदत सोमवार, दोन फेब्रुवारी. त्यानंतर फाईल वर जाणार.

म्हणजे मी पाड्यावर जाऊन सांगायचं की तुमच्या सह्या माझ्याकडून वापरल्या गेल्या, आणि त्याच दमात म्हणायचं की आणखी एकदा करा.

वा, बाई.

२४ जानेवारी

मधूला सगळं सांगितलं. डबा बांधता बांधता हात थांबला त्याचा. मग म्हणाला, "सांगू नकोस. नवा कागद ने, खाणीला विरोध आहे असं लिही, सह्या घे. देतील. तुला कधी नाही म्हणालेत?"

खरंच देतील. वर काय लिहिलंय विचारणारही नाहीत. एक चैतीमावशी विचारेल, तिला मी "कर तू" म्हटलं की तीही करेल. हे सुचल्यावर मला माझीच भीती वाटली. अर्धा तास अंगणात बसून होते.

रागही येतोय. काकांचा, कंपनीचा, मधूचा. सगळ्यांचा येऊन झाला की माझा येतो.

२७ जानेवारी

ऑफिसात आल्याआल्या सांगितलं, यापुढे कोरा कागद पाड्यावर न्यायचा नाही. सगळे माना हलवतात. विषय मागाहून भरायची पद्धत कोणाची, हे कोणी बोललं नाही. माझीच होती.

काकांना फोन केला, उचलला नाही. काकू बोलल्या, वाडीत गेलेत म्हणाल्या. चिकूबद्दल विचारलं. तसेच पडून आहेत, पिकून काळे झाले, हे मला सांगवेना.

२९ जानेवारी, गुरुवार

बोरपाडा. संध्याकाळी पाच. माणसं कामावरून परतत होती.

सांगितलं. उभी राहून, सगळं. कागद दाखवला, वाचून दाखवला. पुढाऱ्यांकडून ऐकलेली सगळी वाक्यं तोंडाशी येत होती, एकेक गिळली. संपल्यावर कोणी ओरडेल वाटलं होतं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. रस्त्याच्या प्रश्नावरून दर महिन्याला ओरडतात. आज एका बाईने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, तेवढाच आवाज.

मग चैतीमावशी. "माजी सही यात हाय?"

"आहे."

"दाखव."

दाखवली. बोट फिरवलं तिने त्यावरून. "मी तुला इचारलेला. वर काय लिवलाय म्हून."

"हो मावशी."

"तू बोललीस, कर."

"हो."

एवढंच. मी तिथेच मातीत बसले.

"आम्हाला विचारलं नव्हतं" असं लिहून आणलेला नवा कागद काढलाच नाही. वाकलेला एक म्हातारा म्हणाला, आता कागदाला हात लावणार नाय. दोघीतिघी उठून गेल्या. मी म्हटलं, सोमवारी मुदत आहे, डोंगर जाईल. तर तो म्हणतो, "डोंगर आमचा जाल. तुजा काय जाल?"

निघताना चैतीमावशीने थांबवलं. पोरांची शाळेची वही होती तिच्या हातात. "आता तू लिव. काय झाला तां. मंग तू सही कर. आमी वाचू."

बसून पानभर लिहिलं. सही केली, तारीख घातली. तिने वही मिटून काखेत घातली. हजेरीचा माझा पेनही तिच्याकडेच राहिला.

३१ जानेवारी

चैतीमावशीच्या सुनेच्या फोनवरून फोन. मावशीच बोलली. रोज कामावरून आल्यावर वाचतायत, एकेक अक्षर लावून, सगळे बसून. पहिल्या चार ओळी झाल्या. "बाई, यात तू कुटं हायस?"

"खाली सही आहे ना माझी."

"खाली हाय. वर नाय. वर लिवलाय, कार्यालयाकडून चूक झाली. पत्र दिले गेले. कोनी दिला?"

वहीत काय लिहिलं ते मला आठवत होतं. तसंच लिहिलं होतं. इतकं बोलून, मातीत बसून, हात आपला कारकुनी लिहीत गेला, आणि ते दिसलं कोणाला? चार महिन्यांपूर्वी अंगठा उठवणाऱ्या बाईला.

"येते मी. दुरुस्त करते."

"ये. पन वही इथंच राल."

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच गेले. चैतीमावशीच्या ओट्यावर बसून पुन्हा लिहिलं. मी कोरा कागद पुढे केला. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. गाडीत मी न वाचता सही केली. सगळ्या ओळी "मी"ने सुरू झाल्या. एवढे "मी" मी भाषणातही कधी म्हटले नव्हते. पेन तिने परत घेतला.

तिने तिथेच वाचायला घेतलं, बोट ठेवून, मोठ्याने. दोघी शेजारणी येऊन बसल्या. गुरुवारचा म्हातारा लांब कुडाला टेकून, ऐकत नाही असं दाखवत ऐकत होता.

"सह्या करणार का?" माझ्याच्याने राहवलं नाही.

मावशीने मान वर केली नाही. "थांब. आजून वाचताव."

दुपारी परतताना नरपडला वळले. विलासकाका वाडीत होते. त्यांना म्हटलं, उद्या माझ्याबरोबर पालघरला याल? कागद कोणी दिला ते तुम्ही सांगा, सही कोणी केली ते मी सांगते. काका चिकू उतरवायचं थांबवून हात धुवायला गेले.

साहेबांची कचेरी उद्या दहाला उघडते. आम्ही सहाला निघून आधी बोरपाड्यावर जाणार. आत्ता सुनेचा फोन आला : दुसरं पान सुरू आहे, आणि मावशीने विचारलंय, न वाचता सही केली, ती का केली ते बाईने कुठे लिहिलंय?

ते लिहिलेलं नाही.