दुसरा झोत

आई, सकाळपासून मी तुझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेय आणि पेज तशीच निवून गेलीय. बाहेर माकडं आंब्याच्या कलमांवर नाचतायत, त्यांना हाकलायलाही उठले नाही. पुण्याहून रत्नागिरीला आले ती चार दिवस शांत बसायला. पण जिवाला लागलेला घोर काय, एसटीत बसून बरोबर येतोच. तू म्हणायचीस, "घोर लागला की आधी हात चालव गो." म्हणून लिहितेय.

मी काय काम करते ते तू होतीस तोवर तुला कधी नीट सांगितलंच नाही. दूरच्या एका दीर्घिकेच्या मधोमध प्रचंड कृष्णविवर आहे आणि तिथून दोन बाजूंना दोन झोत सुटतात. आपल्या बाजूला येणारा रेडिओ दुर्बिणीला ठळक दिसतो, पलीकडे जाणारा जवळजवळ दिसतच नाही. माझ्या विद्यार्थिनीला तो दिसला. अंधुक, पण दिसला. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे आणि तो पुढच्याच आठवड्यात द्यायचाय. पण आमच्या कामात एक मेख आहे. दुर्बिणीच्या अँटेनांच्या नोंदींतून चित्र काढताना कुठे शोधायचं, ती चौकट आपणच आखून देतो. मग त्या चित्राच्याच आधाराने नोंदी सुधारत जातो. अशाने मनातलं चित्रात हळूहळू उमटू शकतं. चौकट तिने आखली होती, माझ्याच सांगण्यावरून. महिनाभर मला तेच खातंय.

तू बँकेतल्या साहेबांचे डबे करायचीस, ते दिवस आठवतात. आमटीची वाटी माझ्या हातात देतेस, चव बघायला शेजारच्या काकींकडे पाठवतेस. "आपल्या हातचं आपल्याला बरंच लागतं. नुसती वाटी दे, तोंडातून अक्षर काढू नको." एकदा मी शहाणी जाऊन विचारते, "काकी, खारट झालीय काय?" त्या म्हणतात, हो गो, वाटतेय खरी. तू पाणी ओततेस आणि सगळे डबे पाणचट जातात. संध्याकाळी मला पुढ्यात बसवून तू म्हणालीस, "जीभ त्यांची, पण शब्द तुझे होते." मी भोकाड पसरलं. तू जवळ घेतलं नाहीस.

म्हणून परवा एका जुन्या सहकाऱ्याला मी नुसत्या नोंदी पाठवल्या. आमचं चित्र नाही, चौकट नाही. त्याचं चित्र त्याने काढायचं. आज दुपारी उत्तर आलं: दुसरा झोत आहे. मी ताडकन उठलेच. विद्यार्थिनीला फोन लावला तर ती रडायलाच लागली. "मॅडम, आईला सांगू?" म्हटलं, सांग. मग सहज, सहकाऱ्याला पाठवलेला मेल पुन्हा उघडला. शेवटच्या ओळीत मी लिहिलंय, 'डावीकडे जरा नीट बघ.'

आमच्या चित्रात दुसरा झोत डावीकडेच आहे, आई. म्हणजे त्याच्या उत्तराला काडीची किंमत नाही. आता तिसऱ्या कुणाला तरी, काहीही न सांगता, नोंदी द्यायला हव्यात. त्यात तिची तारीख जाणार, शिष्यवृत्ती संपणार, आणि एव्हाना तिच्या घरी पेढे आले असतील.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? ते इथेच राहील. तिला मात्र आजच सांगायचंय. घाईत लिहून गेले, असं सांगायचं ठरवलंय. तिला ते पटेलही. तुला पटायचं नाही. मेल पाठवण्याआधी ती ओळ मी खोडली होती, आणि मग परत लिहिली.