राग आता है

३ फेब्रुवारी, मंगळवार
विनू अजून सिकमध्येच, म्हणजे आजारपणाच्या रजेवर. मालगाडीचा गार्ड. आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं. नाव वाढलं, डबा तोच. माझा हा धाकटा भाऊ महिनाभर घरी बसलाय आणि सगळ्या घराची गाडी सायडिंगला लागलीय. झोप नाही, जेवण अर्धं, आणि राग. परवा कुकरची शिट्टी झाली तर ताट भिरकावलं. या माणसाने जन्मात कधी मांजरालासुद्धा 'शुक' म्हटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याने अण्णांची बाजाची पेटी रजईत गुंडाळून टहरौलीला चुलतभावाकडे पाठवून दिली. वडील गेल्यापासून तिला कोणी हात लावत नाही, हे खरं. पण विचारायचं तरी. म्हणे, घरात नको. एवढंच.

५ फेब्रु.
कारणं गोळा होताहेत. कारणांची या घरात कधी टंचाई नसते.

बड़ा बाज़ारातली आत्या : अण्णांच्या वर्षश्राद्धात काहीतरी राहिलं. सुलभा, म्हणजे विनूची बायको : रात्रपाळ्या. शेजारचे तिवारीजी : गॅस. "दिमाग़ में चढ़ जाती है, भैया." माझी कन्या, जिला मराठी समजते पण बोलवत नाही : "काका का सेरोटोनिन कम है." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, झाँसी. कुणी हसलं नाही. हल्ली हे वारंवार होतं.

विनूला कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आता लक्षात येतंय.

९ फेब्रु., सोमवार
सदर बाज़ारातल्या मनोविकारवाल्यांकडे नेलं एकदाचं. मला छापखान्यातून निघता आलं नाही, सुलभा घेऊन गेली. रडत परत आली.

चिठ्ठीवर स्किझोफ्रेनिया. पुढे प्रश्नचिन्ह. खाली इंग्रजीत, गाणं ऐकू येतं, संध्याकाळी जास्त. मोठे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून त्यांच्या हाताखालच्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गोळ्या सुरू. विनू जेवला तो ताटावरच पेंगला.

गाणं? या घरात? इथे बातम्या लागतात त्याच बेसूर.

कागदावर हे नाव कायम झालं तर लाइन ड्यूटी गेली. कुठल्यातरी स्टोअरमध्ये बल्ब मोजत बसवतील. विनूला गाडीचा शेवटचा डबा आणि हातातली हिरवी झेंडी याखेरीज कधी काही हवं होतं असं आठवत नाही. सुलभाने प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारलं, "भाऊजी, हे पुसता येतं का हो?" मी म्हटलं, प्रश्नचिन्ह आहे तोवर बरं आहे.

१० फेब्रु.
उलगडलं!

सुलभा मूळची सांगलीची. इथे येऊन पोरं कॉलेजात गेली, पण तिची हिंदी अजून सांगलीतून निघालेली नाही. म्हटलं, तिथे नेमकं काय बोललीस ते शब्दन्‌शब्द सांग.

"जे आहे तेच. इनको राग आता है, बहुत राग आता है, शाम को ज़्यादा. तर त्या म्हणाल्या, कौन सा? मी म्हटलं, कोई भी, बिना कारण."

पाट्यावरचं वाटण तसंच ठेवून आमची हीसुद्धा हसायला आली. अगं बाई, इथे गुस्सा येतो. राग येतो तो यमन, नाहीतर भैरवी. सुलभा आधी ओशाळली, मग हसली, मग पुन्हा रडली.

विनूला विचारलं, तू शेजारीच बसला होतास ना, तुझी हिंदी माझ्याहून चांगली, तू का नाही दुरुस्त केलंस? तो खिडकीकडे बघत राहिला. गोळ्यांचा अंमल.

१२ फेब्रु.
मोठे डॉक्टर परतले. मी स्वतः गेलो विनूला घेऊन. किस्सा ऐकून चष्मा काढून हसले. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या बिचाऱ्या लाल. "मैंने इनसे भी पूछा था सर, इन्होंने मना नहीं किया." खरंच आहे. विनू कशालाच नाही म्हणत नाही.

मग आमची जरा जुंपली. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, साखर मोजता, हाडाचा फोटो काढता. हे नाव कशावरून ठेवलंत? एका मराठी बाईच्या हिंदीवरून? माणूस रागावला नाही. म्हणाला, यात रक्ताची तपासणी नाही. माणूस काय सांगतो, किती दिवस, आणि त्याचं काम किती अडतं, एवढंच हातात असतं. लक्षणांचे गठ्ठे बांधायचे आणि गठ्ठ्याला नाव द्यायचं. गठ्ठे दर काही वर्षांनी सोडून पुन्हा बांधतात. कालचे कित्येक आजार आज आजार नाहीत. कारण म्हणाल तर एक नसतं; थोडं रक्तातलं, थोडं घरातलं, थोडं नशिबातलं.

"हम सुनते हैं, भाईसाहब. जो सुना, उसी का नाम रखते हैं."

चिठ्ठी बदलली. आता डिप्रेशन. पुरुषांत ते बरेचदा रागाच्या वाटेने निघतं म्हणे. पहिली गोळी बंद, दुसरी सुरू. सगळं ठीक राहिलं तर २३ ला फिटनेसचा कागद.

विजयी मुद्रेने घरी. सुलभाने शिरा केला.

१४ फेब्रु., शनिवार
पेपरातल्या माझ्या शनिवारच्या हिंदी स्तंभात आज तोच किस्सा. नावं अर्थात बदलून. 'एक मरीज़, जिसे राग आता था'. सकाळपासून फोन. तिवारीजींनी फाटकातूनच यमन आळवला. पुष्कळ दिवसांनी लोक माझ्या लिहिण्यावर हसले.

विनूने वाचला. घडी घालून परत दिला. "मस्त लिहिलंयस, दादा."

१९ फेब्रु.
दुपारी गच्चीवर. वाळत घातलेले पापड राखायला दोघं बसलो होतो. विनू बरा दिसतोय, दाढी केलेली. म्हणाला, एक सांगू? लिहू नकोस.

मग म्हणाला, "पेटी वाजते, दादा."

मला वाटलं शेजारी. कान दिला. पापडांवर चिमण्या, बाकी काही नाही.

अण्णा संध्याकाळी वाजवायचे तसंच. लांबून, आतल्या खोलीतून आल्यासारखं. भात्याचा श्वाससुद्धा. दिवाळीपासून. आधी त्याला वाटलं, पोरांपैकी कुणी उघडतंय. म्हणून त्याने तिला कुलूप घातलं. मग मला काही तरी म्हणायचं म्हणून मी म्हटलं, पण पेटी तर टहरौलीला आहे.

"त्यासाठीच पाठवली ना. वाजायची थांबते का बघायला."

थांबली नाही. पहिल्या गोळीने जरा लांब गेली होती. ती गोळी आपण बंद केली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाना सुनाई देता है? तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. कुणाला तरी न सांगता कळलं म्हणून. मग मी गेलो आणि सगळ्यांना हसवून आलो.

"वॉकीटॉकीवर ड्रायव्हर बोलायचा तेव्हा मागे पेटी असायची. तोवर तरी त्याचं ऐकू यायचं."

तोवर तरी.

२० फेब्रु.
काही नाही. स्तंभ लिहिला नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

हिंदीत पेटी म्हणजे नुसता डबा. डॉक्टर म्हणाले होते तसा गठ्ठा बांधून आत टाकायचा डबा. एरवी या शब्दावर शंभर ओळी सहज उतरल्या असत्या.

कान तपासायला हवेत का? आयुष्य डब्याच्या खडखडाटात गेलं. की दुःख आहे हे, अण्णांचं? की पहिलंच नाव खरं होतं, प्रश्नचिन्हासकट? पूर्वी मीही आत्यासारखं पटकन सांगितलं असतं.

सुलभाने त्याचा युनिफॉर्म इस्त्रीला दिलाय.

२३ फेब्रु., सोमवार
डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर. नंबर यायचाय. सुलभाने डबीतून शिरा दिलाय, डॉक्टरांना. नको म्हटलं, ऐकत नाही.

वाटेत ठरवायचं होतं. ऑटोत दोघंही रहदारीवर बोललो. सांगितलं तर कागद मिळणार नाही. नाही सांगितलं तर उद्यापासून शेवटच्या डब्यात हा एकटा, अठ्ठावन्न वॅगनींच्या मागे, आणि अण्णा.

त्याची बोटं गुडघ्यावर चालताहेत. आत्ता? विचारलं. म्हणाला, आत्ता जरा हळू.

नाव पुकारलं. डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्यात, मला बघून ओशाळं हसल्या. विनू उठला, शर्ट खाली ओढला, आणि मला विचारतोय,

"तू बोलणार, का मी?"