शकुबाईचा पोटपट्टा

४ मे १९५७, शनिवार

मुलगी. साडेसहा पौंड. आणि आई जिवंत!

दोन दिवस अडलेली शकुबाई काल बैलगाडीतून आली. वजन करायला गेले तर काटा शेवटाला जाऊन टेकला. पोट फाडूनच मूल काढावं लागलं. नुसती चरबीच चार बोटं! टाके घालताना डॉक्टर घामाघूम. हात धुताना म्हणाले, "सिस्टर, माझं काम झालं. आता ही जखम तुमच्याकडे. लठ्ठ बाईच्या जखमेत पू धरला तर वाचणं कठीण. तुमच्याखेरीज कोणी हात लावायचा नाही."

पोटाला पट्टा मी स्वतः बांधला. घट्ट. नागपूरला शिकले तसा, टाक्यांना ओढ लागू नये म्हणून.

सासू रुखमाबाई सोबतीला आहे. मुलगी म्हटल्यावर डोळ्याला पदर लावला. "अकरा वर्सानं पोर झाली, बाई." ते रडणं काही आनंदाचं वाटलं नाही मला. सून गेली तर लेकाचं दुसरं लग्न लावायला मोकळी!

५ मे

ताप नाही. जखम कोरडी. मी खूश.

पण पट्ट्याच्या पिना! मी पिना नेहमी डाव्या बाजूला तोंड करून लावते. जेवून दोन वाजता परतले तर दोन पिनांची तोंडं उजवीकडे.

६ मे

आज पट्ट्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारून जेवायला गेले. परतले तर पट्ट्याची कड रेघेपासून दोन बोटं सरकलेली! शकुबाई म्हणते, "मले झोप लागली होती." झोप कसली, पापण्या थरथरत होत्या.

मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर सुकलूवरही संशय आहेच. विचारलं तर म्हणतो, "मी काऊन सोडू बाई, मले काय वेड लागलं?" वेड नसेल, पण पेनिसिलीनच्या कपाटाभोवती फार घोटाळतो.

मागच्या दवाखान्यात एक बाळंतीण दगावली. चूक दुसऱ्याची, खापर माझ्या डोक्यावर. आता कोणावर म्हणून विश्वास टाकायचा नाही.

७ मे

सापडली! आज जेवायला गेलेच नाही, औषधाच्या खोलीत दाराआड उभी राहिले. साडेबारा वाजता रुखमाबाई अंगणातल्या चुलीवरून आली. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी दडवलेलं. सुनेच्या पट्ट्याला हात घालणार तोच मी पुढे झाले. ओच्यात फडकं निघालं. गरम, धुराचा वास येणारं.

"राख भरतेस का जखमेत?"

"नाई वो बाई! राख काऊन भरीन?"

"मग हे काय?"

नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बोलेल कशी!

डॉक्टरांना सांगितलं. ते असे कडाडले की ओपीडीतले पेशंट उठून उभे राहिले. म्हातारीला वॉर्डात मनाई. बरं झालं.

८ मे

रुखमाबाई दिवसभर बाहेर कडुलिंबाखाली बसून. खिडकीकडे टक लावून. बसू दे. पट्टा आणखी एक वेढा देऊन बांधला. आता कोणाची बिशाद!

१० मे

ताप १०१. जखमेचं खालचं टोक लाल. ओलसर.

म्हातारीने सुकलूला फितवलं असणार. वॉर्डाची किल्ली आता माझ्या कमरेला.

११ मे

ताप १०३! दोन टाके उसवले, खालून पू. पेनिसिलीन चालू आहे. शकुबाई पोरीला अंगावर घ्यायला नाही म्हणाली, "मी मरून राह्यली बाई, तिले सवय नका लावू." कोण करतंय हे? किल्ली माझ्याकडे, पिना जिथल्या तिथे, डावीकडे तोंड करून. एकही हललेली नाही.

१२ मे

सकाळी पट्टा सोडला तेव्हा शकुबाई हळूच म्हणाली, "रागावू नका, एक सांगतो. डॉक्टर कडाडले तवा भेवानं बोलली नाई. सासूबाई जखमेले हात नाई लावे. पोटाची घडी वर उचले आन् गरम फडक्यानं खालचा घाम टिपे. मंग घटकाभर वारा घाले. म्हणे, जाड्या बाईची घडी ओली ऱ्हायली का सडते. मी जाडी, मले उन्हाळ्यात तिथी नेहमीच जखमा होत. तवाही तिनंच सुकवल्या."

घडी उचलली. आतली कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली. घामाचा आंबूस वास. जखमेचं खालचं टोक त्या ओलीतच बुडालेलं. आणि वरून माझा पट्टा, एक वेढा जास्तीचा. चांदा जिल्ह्याचा मे महिना, आणि मी त्या बाईला गाठोड्यासारखी आवळून ठेवली होती.

राख नव्हती. पट्टा आवळणारी मी, सुकवणारीला हाकलणारीही मीच.

कडुलिंबाखाली गेले. रडूच आलं. "माझं चुकलं, रुखमाबाई. आत चला." उठता उठता तिने विचारलं, "पोरगी दूध पिते ना?" बस, एवढंच!

१३ मे

पट्टा काढून टाकला. डॉक्टरांना म्हटलं, उकाडा फार आहे, आणि म्हातारीला माझ्या नजरेखाली आत राहू द्या. नुसतं "बरं" म्हणाले. फडकी आता मी उकळते, रुखमाबाई चुलीवर सुकवते. घडी ती उचलून धरते, जखम मी धुते. दिवसातून चारदा.

१५ मे

ताप १००. पू कमी.

१९ मे

ताप नाही! जखम खालून भरत येते आहे, लालबुंद, कोरडी. शकुबाईने पोरीला स्वतःहून मागून घेतलं.

२८ मे

उद्या घरी सोडणार. डॉक्टरांना सगळं सांगायचं मी ठरवलं आहे. पट्ट्याचं, फडक्याचं, सगळं. रुखमाबाईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुमची नोकरी गेली तं? तुम्हाले इथी कोन हाय?" म्हटलं, जाऊ दे गेली तर. सांगणारच.

२९ मे

राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, चार दिवस जखम छान होती. मग एकदम कशी बिघडली?"

मी तोंड उघडेपर्यंत रुखमाबाई पुढे झाली. "मीनं हात लावला होता, डॉक्टरसाहेब. चोरून. बाईनं वाचवलं तिले."

डॉक्टर तिला सगळ्या वॉर्डासमोर वाटेल ते बोलले. अडाणी म्हणाले, सुनेच्या जिवावर उठलेली म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत होती.

मी शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही.