नागरिकपदी निवड झाल्याबद्दल

प्रिय रवी,

हे व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू खाली एक अंगठा चिकटवून मोकळा झाला असतास, म्हणून ईमेल. मेलबर्नला परत जाऊन तुला दीडेक महिना झाला आणि तात्यांना तू एकही फोन केलेला नाहीस. आईला करतोस, ते ठीक. पण आई तात्यांना द्यायला फोन हातात घेऊन गोठ्याकडे निघाली की तुला नेमकी मीटिंग लागते. ती हे तक्रार म्हणून सांगत नाही. “कामं असत्यात त्याला,” म्हणते आणि माझ्याकडे न बघता ताट वाढते.

तुझ्या जागेची पोटनिवडणूक लागली, हे तुला ग्रुपवर कळलंच असेल. तेव्हापासून मी क्लासची पोरं सुटली की रोज येरवड्याहून मांजरीला जातेय. कशाला, ते सांगते, पण जरा दमानं. मलाच एका जागी बसून सांगता येत नाहीये. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅसवर काही राहिलंय का बघून आले. गॅसवर काहीच नव्हतं.

तुझा वॉर्ड बरा आहे. म्हणजे होता तसाच आहे. नगरसेवक झाल्याझाल्या तू ज्या पाइपलाइनचा नारळ फोडलास, तिचा खड्डा खणून तयार आहे, पाइप यायचे आहेत. तुझं पद रद्द झाल्यापासून खड्ड्याला मालक उरलेला नाही. सोसायट्यांतले लोक त्याच्या अलीकडे उभे राहून टँकरची वाट बघतात, गावातले पलीकडे. एवढ्या एका गोष्टीत तू दोघांना समान वागणूक दिलीस म्हणायची. परवा तिथे उत्कर्षा भेटली, तुझ्या प्रचारात सगळ्या इमारतींचे जिने चढलेली ती सोसायटीतली मुलगी. “ताई, सर परत येणारेत का? आम्ही ग्रुपवर पोल घेतला,” म्हणाली. मी विचारलं, काय निघालं? तर म्हणे, “‘माहीत नाही’ला क्लिअर मेजॉरिटी आहे.”

तात्या दिवसभर गोठ्यात असतात. म्हशींना बाहेर बांधतात आणि आत स्वतः बसतात. वर छताला तोच फ्लेक्स. मजकूर विसरला असशील तर माझा पाठ आहे. ‘मांजरीचे सुपुत्र मा. रविराजभाऊ यांची ऑस्ट्रेलियाच्या नागरिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो तात्या, नागरिकपदी निवड काय, हे साखर कारखान्याचं चेअरमनपद आहे का? तर मलाच म्हणाले, “निवड न्हाय तर काय आपसूक मिळालं? परीक्षा दिली हाय त्यानं.” मध्यभागी सुटातला तू, कोपऱ्यात कांगारू, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला हिंदुराव, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. चौकात महिनाभर तू मिरवलास. मग आपल्याकडे प्रत्येक फ्लेक्सचं जे होतं तेच तुझं झालं, पावसाळ्याच्या तोंडावर तू गोठ्यावर गेलास. छपाईची बाजू खाली. इतकी वर्षं म्हशी तुझ्याकडे बघत रवंथ करतायत.

पुढे तू परत आलास आणि निवडणुकीला उभा राहिलास. मतदार यादीतलं तुझं नाव कुणी काढलं नव्हतं, परदेशस्थ भारतीयांचं कार्ड खिशात होतं, तुला वाटलं तेवढं पुरे. गावाला तर प्रश्नच पडला नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपतं, आणि इथला नागरिक नसलेल्याला इथे निवडून येता येत नाही, हे कायद्यात इतकं सरळ लिहिलंय की कुणाला वाचावंसंच वाटलं नाही. तुझ्याविरुद्ध हरलेला हिंदुराव पेढे घेऊन अभिनंदनाला आला, तात्यांनी कौतुकानं नुकती व्यालेली म्हैस दाखवायला त्याला गोठ्यात नेलं, आणि त्यानं मान वर केली. फोटो काढला तो स्वतःच्या गॉगलसकट, आणि तुझी निवड रद्द करा म्हणून थेट कोर्टात गेला. शुभेच्छुकही तोच आणि अर्जदारही तोच, असा खटला त्या कोर्टानं क्वचितच बघितला असेल. तुला विचारल्यावर तू सरळ ‘हो, घेतलंय’ म्हणालास. तुझा वकील कपाळाला हात लावून बसला. मला मात्र त्या दिवशी तू फार आवडलास. तेव्हा बोलले नाही, तू उगाच चढला असतास.

निकालानंतर तू गोठ्याकडे न जाता गाडीत बसलास, ते तात्यांनी आतून बघितलं. त्यांचा हिशेब साधा आहे. “ज्या नागरिकपदाचे पेढे म्या वाटले, त्यानंच पोराला घालवलं. आन् म्हस दावाया म्याच नेलं त्याला.” आईनं फ्लेक्स काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. छपरातनं वल येती.” दिवसभर खाली बसून वर बघत असतात.

आता माझं. मी लग्न होऊन येरवड्याला गेले, म्हणजे बसनं तासाभरावर. परका देश तुझा झाला तो शपथ घेऊन. मला परकी व्हायला नुसता उंबरा ओलांडावा लागला. तू तरीही सुपुत्र, आणि मी पाहुणी. परवा हिंदुरावानं मला आपल्याच दारात विचारलं, “पाहुण्या कधी आल्या?” म्हटलं, याच घरात जन्मले तेव्हा, तुम्ही बारशाला जेवून गेला होता. हसला. मला त्या हसण्यानं रात्रभर झोप नाही. माझं या गावचं नागरिकत्व कुणी, कधी, कोणत्या कलमाखाली रद्द केलं? मला तर सुनावणीही मिळाली नाही.

तर रवी, तुझ्या जागेवर मी उभी राहतेय. उमेदवाराचं नाव शहरातल्या कुठल्याही मतदार यादीत असलं तरी चालतं, मी नियम आधी वाचले. आपल्या घरात कुणीतरी वाचायला हवेच होते. फक्त अर्जावर सूचक म्हणून त्याच वॉर्डातल्या मतदाराची सही लागते. उत्कर्षा पर्समध्ये पेन घेऊन फिरतेय. पण मला तात्यांची सही हवीय. काल अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, “जागा रवीची हाय. आदी त्याला इचार.” म्हणजे बघ, मांजरीत जन्मलेल्या बाईला मांजरीत उभं राहायला ऑस्ट्रेलियाच्या नागरिकाची परवानगी लागते. मी ती मागत नाहीये. अर्ज मी भरणारच. पण ती जागा आता तुझी नाही, आणि म्हैस दाखवण्यात त्यांचं काही चुकलं नाही, हे तात्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय, माझ्या नाही. तिथलं सगळं सोडून इथलं नागरिकत्व पुन्हा मागणार असलास तर तसं सांग, तेही चालेल. फक्त ‘बघू’ म्हणू नकोस. शुक्रवारी दुपारी मुदत संपते. मोबाईल चार्ज करून ते गोठ्यात बसलेत. शेजारी अर्ज, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर म्हशीची साखळी ठेवलीय, आणि आज सकाळी त्यांनी आईकडे पेन मागितलं. मला फोन नको. त्यांना कर.

तुझीच, आणि मांजरीचीही,
शालनताई